साडेनऊ हजारांचा टॅब आणि सात ‘फुकट’ वस्तू

प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला जेल रोडच्या डॉलर मार्केटमध्ये १०.१ इंची टॅब बघून ठेवलाय. ब्रँडचं नाव याआधी कधी ऐकलेलं नाही. डब्यावर ‘१२ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज, ८,००० एमएएच, ४जी सिम’ असं छापलंय. जोडीला ब्लूटूथ कीबोर्ड, माउस, स्टायलस (पडद्यावर लिहायचा पेन), फ्लिप कव्हर, टेम्पर्ड काच, ओटीजी (पेनड्राइव्ह-माउस टॅबला लावायचा छोटा जोड) आणि इअरफोन. सगळं मिळून ९,४९९ रुपये. दुकानदाराचं म्हणणं, ‘दीदी, पाँच हजार का तो सामान ही फ्री है.’ मुलगी अकरावीत, भंवरकुआँला क्लास. रामबागेतल्या घरी आजींना संध्याकाळी मालिका आणि कीर्तनं बघायची असतात. घ्यावा का?

ताई, आधी त्या सातही वस्तू टेबलावरून बाजूला सरकवा आणि नुसत्या टॅबचा भाव काढा. वस्तूंवर छापलेली एमआरपी विसरा. सुट्या घेतल्या तर त्याच बाजारात किती पडतील ते धरा. साध्या दर्जाचा ब्लूटूथ कीबोर्ड साधारण ५५०, माउस २५०, कव्हर ३००, काच १५०, स्टायलस ५०, ओटीजी ४०, इअरफोन १००. झाले १,४४०. म्हणजे टॅब तुम्हाला ८,०५९ ला पडतोय. आता यातलं तुम्ही खरंच काय विकत घेतलं असतं? कीबोर्ड, कव्हर आणि काच, म्हणजे हजार रुपये. बाकीचं खणात जाणार. तेव्हा तुमच्यापुरता टॅबचा भाव ८,४९९ आहे, आणि या पैशात ओळखीच्या ब्रँडचा नुसता टॅब फार लांब राहत नाही.

दुसरं असं की कीबोर्ड आवडला नाही तर सहा महिन्यांनी दुसरा घेता येतो. रॅम, पडदा, प्रोसेसर आणि अपडेट मात्र जे आलं ते आलं. पोहेच शिळे असतील तर वरून शेव-जीरावण कितीही घातलं तरी काय होणार.

आता त्या ‘१२ जीबी’कडे या. या किमतीत खरी १२ जीबी रॅम येत नाही. बहुतेक वेळा ४ जीबी खरी आणि ८ जीबी ‘व्हर्च्युअल’ असते, म्हणजे स्टोरेजचाच एक तुकडा रॅम म्हणून वापरलेला. स्वस्त टॅबमध्ये स्टोरेज ईएमएमसी जातीचं असतं आणि रॅमच्या मानाने फारच हळू. त्यामुळे अ‍ॅप बंद पडत नाही, पण परत उघडायला दोन-तीन सेकंद कुंथतं. डब्यावर ‘४+८’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असेल तर निदान प्रामाणिकपणा तरी आहे. लिहिलेलं नसेल तर दुकानातल्या डेमो टॅबवर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’मध्ये जाऊन ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील. तिथे ‘मेमरी’मध्ये एकूण आकडा बघा. खऱ्या ४ जीबीला ३.६ ते ३.८ च्या आसपास दिसतो. १.८ दिसला तर टॅब २ जीबीचा आहे. उठून दुसऱ्या दुकानात जा.

डेमो टॅब हातात असतानाच ‘डिव्हाइस इन्फो एचडब्ल्यू’सारखं एखादं अ‍ॅप टाकून अजून दोन गोष्टी बघता येतात. एक, प्रोसेसर. ‘ऑक्टा कोर’ म्हणजे आठ कोर, प्रोसेसरमधले काम करणारे आठ भाग, पण कसले आठ ते महत्त्वाचं. युनिसॉक एससी९८६३ए मध्ये आठही कोर ए५५ जातीचे, म्हणजे आठही किरकोळ कामाचे. ऑलविनर ए१३३ किंवा रॉकचिप आरके३५६२ मध्ये चारच कोर, तेही ए५३. हे टॅब यूट्यूब दाखवतात, पण एका बाजूला ऑनलाइन क्लास आणि दुसऱ्या बाजूला दीडशे पानांची पीडीएफ उघडली की हात टेकतात. अकरावी-बारावीचा अभ्यास दोन वर्षं काढायचा असेल तर किमान दोन कोर ए७५ किंवा त्यावरचे हवेत: युनिसॉक टी६०६, मीडियाटेक हेलिओ जी८५. हेलिओ जी९९ (दोन ए७६) मिळाला तर उत्तमच, पण अनोळखी ब्रँडच्या डब्यावर ते नाव दिसलं तर अ‍ॅपमध्ये खात्री केल्याशिवाय मानू नका.

दोन, अँड्रॉइडची आवृत्ती. ‘अबाउट’ पानावरचा आकडा बनवणाऱ्याला हवा तसा लिहिता येतो. अ‍ॅपमध्ये ‘एपीआय लेव्हल’ नावाचा आकडा असतो तो जुळवा: अँड्रॉइड १२ ला ३१, १३ ला ३३, १४ ला ३४, १५ ला ३५. डब्यावर १४ आणि आत ३१ निघाला तर बाकी छापलेल्या कुठल्याही आकड्यावर विश्वास ठेवायचं कारण उरत नाही. ‘सिक्युरिटी पॅच’ची, म्हणजे सुरक्षेच्या शेवटच्या अपडेटची, तारीखही बघा. नव्या डब्यातल्या टॅबचा पॅच वर्षभर जुना असेल तर पुढे अपडेट येतील ही आशा सोडा.

एक तपासणी मात्र चुकवू नका, तिला अर्धं मिनिट लागतं. प्ले स्टोअरमध्ये सेटिंग्ज, ‘अबाउट’, आणि तिथे ‘प्ले प्रोटेक्ट सर्टिफिकेशन’. ‘डिव्हाइस इज सर्टिफाइड’ असं लिहिलेलं हवं. सर्टिफाइड नसलेल्या टॅबवर बँकेची आणि पैसे पाठवायची अ‍ॅप अडून बसतात, आणि ते सोडा, खरा धोका वेगळाच आहे. २०२३ मध्ये ‘बॅडबॉक्स’ नावाचं प्रकरण उघड झालं. त्यात अनोळखी ब्रँडच्या स्वस्त अँड्रॉइड टीव्ही बॉक्समध्ये घातक सॉफ्टवेअर आधीपासूनच भरलेलं सापडलं, आणि तसं सापडलेल्यांत टॅबलेटही होता. ते रिसेट करूनही जात नाही, कारण ते मूळ सिस्टिममध्येच बसवलेलं असतं. ज्या टॅबवर मुलीचं गूगल खातं आणि तुमचा यूपीआय चालणार, तिथे ही जोखीम हजार रुपये वाचवायला घेऊ नका.

पडदा. १०.१ इंचावर १२८० × ८०० म्हणजे इंचाला साधारण १५० ठिपके. १९२० × १२०० म्हणजे २२४. दुकानाच्या झगमगाटात फरक कळत नाही, कारण तिथे सिनेमाचा तुकडा लावून ठेवलेला असतो. तुम्ही भौतिकशास्त्राच्या पुस्तकाची पीडीएफ उघडा आणि पूर्ण पान एका नजरेत बसवून पायथ्याच्या टिपा वाचता येतात का बघा. १५० ठिपक्यांवर घातांकातला २ आणि ३ सारखेच दिसतात, मग प्रत्येक पान चिमटीने मोठं करत बसायचं. आठ-पावणेनऊ इंची टॅबवर तेच १२८०-१३४० ठिपके दाटीने बसतात, म्हणून अक्षर जास्त रेखीव येतं. मात्र पानच लहान दिसतं. टॅब कलता धरूनही बघा. रंग उलटे-पांढुरके झाले तर पॅनल आयपीएस (बाजूनेही नीट दिसणारं) नाही, आणि आजी बाजूला बसून बघणार असतील तर त्यांना काहीच दिसणार नाही.

आजींचा विषय निघालाच आहे तर: नेटफ्लिक्स, प्राइम यांसारखी अ‍ॅप टॅबला ‘वाइडवाइन’चा, म्हणजे व्हिडिओची चोरी रोखणाऱ्या व्यवस्थेचा, दर्जा विचारतात. एल१ असेल तर एचडी, एल३ असेल तर ४८० पर्यंतच, पडदा कितीही चांगला असला तरी. नेटफ्लिक्स अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘प्लेबॅक स्पेसिफिकेशन’ उघडलं की दिसतं. यूट्यूबवरच्या कीर्तनाला याचा काही फरक पडत नाही.

मागचा कॅमेरा मेगापिक्सेलवर जोखू नका. क्लासचे पेपर आणि सोडवलेली उदाहरणं स्कॅन करून पाठवायची असतील तर ‘ऑटोफोकस’ हवा. स्वस्त टॅबमध्ये फोकस कायमचा लांबवर बसवलेला असतो. वीस सेंटिमीटरवर वहीचं पान धरलं की अक्षरं धुरकट. दुकानातलं बिल घेऊन फोटो काढा आणि मोठा करून बघा, लगेच कळेल. वाय-फाय ५ गिगाहर्ट्झचं आहे का तेही बघा. दाट वस्तीत शेजारपाजारचे पंधरा-वीस राउटर २.४ वर गर्दी करतात, संध्याकाळी क्लास अडकण्याचं ते एक मोठं कारण असतं. सिम घालून फोनही लागतो की फक्त डेटा चालतो, हे विचारू नका. स्वतःचं सिम घालून एक फोन लावा.

आता बाजूला ठेवलेल्या वस्तू. त्या टॅबबद्दलही बरंच सांगतात.

कीबोर्डपासून. त्याचं चार्जिंगचं भोक जुन्या मायक्रो-यूएसबीचं असेल तर घरात एक वेगळी केबल वाढली, आणि माल जुना असण्याची शक्यताही वाढली. पेअर करताना पडद्यावर सहा आकडे येतात. ते कीबोर्डवर टाइप करून एंटर दाबावं लागतं. निम्मे लोक एंटर विसरतात आणि कीबोर्ड खराब म्हणून परत आणतात. दहा-पंधरा मिनिटं हात लावला नाही की कीबोर्ड झोपतो, जागा व्हायला दोन-तीन सेकंद घेतो आणि पहिली दोन-चार अक्षरं गिळतो. ब्लूटूथ कीबोर्डची ही जातच आहे, दोष नव्हे. पिनांनी टॅबला चिकटणारा कीबोर्ड असं करत नाही, पण तो या भावात येत नाही.

मराठीचं मात्र दुकानातच बघा. पडद्यावरच्या कीबोर्डवर रोमनमध्ये लिहून मराठी उमटवायची सवय असते, ती सोय बटणांच्या कीबोर्डवर तशीच चालेल असं नाही. नोट्स उघडून ‘ज्ञानेश्वर’ आणि ‘कृष्ण’ लिहून बघा. जमत नसेल तर सेटिंग्जमध्ये ‘फिजिकल कीबोर्ड’ खाली पडद्यावरचा कीबोर्ड चालू ठेवण्याचा पर्याय आहे, तो सुरू करा. नाहीतर बटणांचा कीबोर्ड जोडला की पडद्यावरचा गायब होतो. आणि या कव्हर-कीबोर्डमध्ये टॅब खाचेत एकाच कोनात उभा राहतो. टेबलावर ठीक, मांडीवर किंवा क्लासच्या अरुंद बाकावर मागे कलंडतो.

स्टायलसवर नोट्स काढायचा विचार असेल तर सोडा. पन्नास रुपयांचा स्टायलस म्हणजे रबराचं बोट, सहा-आठ मिलिमीटर जाड टोक. बॅटरीवाला ‘अ‍ॅक्टिव्ह’ स्टायलस टोकाने बारीक असतो, पण टॅबलाच पेनची सोय नसेल तर तोही शेवटी बोटच. परीक्षा सोपी आहे. तळहात पडद्यावर टेकवून लिहा: तळहाताच्या रेघोट्या उमटल्या तर नापास. मग पट्टी तिरकी धरून अगदी हळू रेघ ओढा: रेघ नागमोडी आली तर नापास. पेनसाठीच टॅब घ्यायचा असेल तर सॅमसंगच्या टॅब एस६ लाइटसारखा, डब्यातच खरा पेन असलेला आणि त्या पेनला चार्जिंग न लागणारा टॅब हे वेगळं खातं आहे, वेगळ्या भावाचं. रसायनशास्त्राच्या रचना कागदावर काढून स्कॅन करणं आजही स्वस्त आणि बरं.

माउसला छोटा रिसीव्हर असेल तर तो ओटीजीतून टॅबच्या एकुलत्या एका पोर्टमध्ये बसतो, म्हणजे माउस चालू तर चार्जिंग बंद. इअरफोनबद्दल बोलण्यासारखं काही नाही. कॉम्बोत मेमरी कार्ड आलंच तर त्यावर अभ्यास ठेवण्याआधी काठोकाठ भरून बघा. ६४ जीबी लिहिलेली पण आत ८ जीबी असलेली कार्डं अजून फिरतात. ती ‘भरलं’ असं म्हणत नाहीत, आधीच्या फाइलींवरच नव्या लिहीत जातात. टॅबच्या १२८ जीबीचीही अशीच परीक्षा घेता येते: ओटीजीतून मोठे व्हिडिओ कॉपी करत ७० टक्के भरा आणि पहिला व शेवटचा, दोन्ही चालवून बघा.

सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे चार्जर, आणि माझ्या मते टॅबची जात तिथेच कळते. चार्जरवर ‘आर-’ने सुरू होणारा आठ आकडी बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी क्रमांक हवा, टॅबवरही हवा. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तो टाकला की कोणाच्या नावाने, कुठल्या वस्तूसाठी नोंद आहे ते दिसतं. एलईडी बल्बचा क्रमांक चार्जरवर छापलेला असेल तर तिथेच कळेल. हलक्या चार्जरचं एक ठरलेलं लक्षण आहे: चार्जिंगला लावलं की पडदा वेडा होतो, न दाबलेली बटणं दाबली जातात, अक्षरं उड्या मारतात. चार्जरमधून येणारा विजेचा कचरा टच सर्किटला बोटासारखा वाटतो, म्हणून. लोक टॅब बदलून मागतात. आधी दुसऱ्या चांगल्या चार्जरवर लावून बघा, नव्वद टक्के वेळा गुन्हेगार चार्जरच निघतो.

मग केबल. डब्यात एका टोकाला जुना चपटा यूएसबी आणि दुसऱ्याला टाइप-सी अशी केबल येते. तुमच्या फोनची दोन्ही टोकं टाइप-सी असलेली केबल आणि चार्जर लावून बघा. चार्ज होत नसेल तर टॅबमध्ये ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर बसवलेले नाहीत. ते नसले की टाइप-सी चार्जरला समोर कोणी आहे हेच कळत नाही आणि तो वीज सोडत नाही. हे रेझिस्टर काही पैशांत येतात. जिथे तेही वाचवले, तिथे बॅटरीत काय काय वाचवलं असेल याचा अंदाज करा.

बॅटरीचा अंदाज घरी असा बांधता येतो. ८,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे २९.६ वॅट-तास. डब्यातला चार्जर ५ व्होल्ट २ अँपिअर, म्हणजे १० वॅट; वाटेतली गळती धरून ८.५ च्या आसपास आत जातात. शून्यापासून भरायला साडेतीन तास लागायलाच हवेत, शेवटची दहा टक्के हळू भरतात ते धरून चार. टॅब बंद करून लावा. पावणेदोन तासांत शंभर टक्के झाली तर आत ४,००० एमएएचचीच बॅटरी आहे. हे बदलून मागण्याच्या मुदतीतच करा, महिन्याने नाही.

काच चिकटवायची घाई करू नका. दुकानदार सवयीने लगेच डबा फोडून काच लावतो, आणि नंतर पडद्यात दोष निघाला तर ‘काच लावली, आता परत नाही’. आधी पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पाच रंग पूर्ण पडद्यावर लावून ठिपके बघा. मग एक आयकॉन बोटाने धरून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आडवं-उभं हळू फिरवा. मध्येच सुटला तर तिथे टचची पट्टी मेलेली आहे. मग काच.

बिल जीएसटीचं घ्या, ‘बिल नको तर सहाशे कमी’ला हो म्हणू नका. बिलावर मॉडेल, सिरियल नंबर आणि सिमवाला टॅब असल्याने आयएमईआय, म्हणजे त्या टॅबचा ओळख क्रमांक, हवा. *#०६# लावून दिसणारा क्रमांक डब्याशी जुळवा आणि ‘केवायएम’ (इंग्रजी अक्षरांत), मग एक जागा सोडून तो १५ आकडी क्रमांक १४४२२ वर एसएमएस करा. मॉडेल कुठलं ते उत्तरात येतं. डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना-वर्ष, मूळ देश आणि ग्राहक सेवेचा नंबर असणं कायद्याने लागतं. त्या नंबरावर पैसे देण्याआधी, दुकानात उभं राहूनच फोन लावा आणि इंदूरमध्ये सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते विचारा. कोणी उचलतच नसेल तर वॉरंटी फक्त कागदावर आहे. कॉम्बोतल्या वस्तू दुकानाने जोडलेल्या असतात, त्यांची हमी ब्रँड देत नाही. म्हणून ‘कीबोर्ड सहा महिने’ असं दुकानदाराकडून बिलावरच लिहून घ्या. नंतर वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

तुमच्या बाबतीत माझं मत: मुलीच्या क्लाससाठी हा कॉम्बो घेऊ नका. ओळखीच्या ब्रँडचा, खऱ्या ४ जीबी रॅमचा नुसता टॅब बघा, दीड-दोन हजार वर गेले तरी. त्यावर साडेचारशेची काच आणि कव्हर, आणि कीबोर्ड महिनाभर वापरून गरज वाटली तर. टॅब फक्त आजींसाठी असता तर हाच कॉम्बो, सर्टिफाइड निघाला आणि सहा हजारांच्या आत आला, तर चालला असता.

तरीही त्याच दुकानात जाणार असाल तर एवढंच म्हणा: ‘भैया, कीबोर्ड-माउस सब निकाल लो, खाली टॅब का भाव बोलो.’ त्याने हजार-बाराशे कमी केले तर हिशेब सरळ आहे, वरच्या तपासण्या करून ठरवा. तीन-चारशेच कमी केले तर त्या पाच हजारांच्या वस्तू त्याला केवढ्याला पडल्या ते त्यानेच सांगितलं.